कंबरमोडी नव्हती तेव्हा

डिसेंबरची संध्याकाळ. वरणगावातल्या एका घराच्या परसात पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजली जात आहेत आणि तुम्ही आत विळीवर कांद्याची पात चिरताय. लक्ष वांग्यांच्या वासाकडे, तर्जनी विळीच्या पात्यावर. व्हायचं ते होतं.

बोट नळाखाली धरता. साबण लावता, चुरचुरतं. स्वच्छ फडकं दाबून धरता, दोन-तीन मिनिटांत रक्त थांबतं. मग फळीवरची डबी काढता. झाकण फिरवलं की हळदीनं पिवळं झालेलं मलम दिसतं. तिळाचं तेल, मधमाशांचं मेण, कडुनिंब, हळद, शेताच्या बांधावरची कंबरमोडी, चमचाभर व्हॅसलीन आणि हल्ली कुणीतरी सांगितलं म्हणून व्हिटॅमिन ईच्या दोन कॅप्सूल. घरात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: “हे आपलं हजारो वर्षांपासूनचं.”

खरंच? डबी हातात आहेच, तर जाऊन पाहू. या प्रवासाचा नियम एकच. ज्या काळात जाल, त्या काळी इथे जे नव्हतं ते डबीतून आपोआप नाहीसं होईल.

डोळे मिटा.

डिसेंबर १९३६

उघडता तेव्हा तुम्ही रुळाच्या कडेला उभे आहात. हात आधी डबीकडे जातो. प्लॅस्टिकचं झाकण गेलं, कॅप्सूल गेल्या. व्हॅसलीन आहे, अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी त्याचं पेटंट १८७२ सालीच घेतलं होतं. बाकी मलम जसंच्या तसं.

भुसावळहून नागपूरकडे जाणारा हा लोहमार्ग १८६७ पासून चालू आहे. त्याच्या खडीतून, कडेच्या कोरड्या मातीतून कंबरमोडी वर आली आहे. दातेरी, खरखरीत पानं. वीतभर उंच एकेक दांडी आणि तिच्या टोकाला पिवळं-पांढरं इवलं फूल. एकदांडी हे तिचं दुसरं नाव का पडलं, ते सांगावं लागत नाही. चार पानं खुडून घ्या, लागतील.

गावाकडे चालू लागता. आयुध निर्माणी अजून उभी राहायची आहे, हतनूरचं धरणही. जिल्ह्याचं नाव पूर्व खानदेश. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली आहे आणि बायका ओटीत कापूस वेचतायत. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. दिवसभर वेचणाऱ्या बाईच्या बोटांकडे जवळून पाहा, नखांच्या मुळाशी ओरखडेच ओरखडे. मलम या गावात कुणाची हौस म्हणून झालेलं नाही.

एका ओसरीवरून हाक येते. “ये लेकरा. कंबरमोडी आनली का? पह्यले हात धू. मंग बोल.”

आजी चुलीपुढे बसली आहे. तुमचे हात राखेनं घासून धुऊन होईपर्यंत ती तुमच्याशी बोलत नाही. मग तुमच्या हातातली पानं उलटीसुलटी करून पाहते, किडकी बाजूला काढते. कालची धुतलेली पानं रात्रभर सावलीत फडक्यावर पसरून ठेवली होती, ती आता मऊ पडली आहेत. कंबरमोडी आणि कडुनिंब दोन्ही पाट्यावर येतात. वरवंटा तुमच्या हातात दिला जातो.

“रगड. पानी घालू नको.”

चुलीवर कल्हईचं पातेलं, त्यात पावशेर तिळाचं घाण्याचं तेल. वाटलेला हिरवा गोळा त्यात सोडताच तेल तडतडायला लागतं. आजी दोन लाकडं बाहेर ओढते. जाळ इतका मंद की तुम्हाला वाटतं, विझला. आता थांबायचं. उलथनं तळापर्यंत घालून हळूहळू फिरवत राहायचं. घाई केली तर वरून जळतं आणि आत पाणी राहतं.

“कधी झालं समजायचं, आजी?”

ती उत्तर देत नाही. उलथन्याच्या टोकावर थोडा चोथा घेते आणि निखाऱ्यावर टाकते. चर्र.

“आयकलं? अजून पानी हाये. पानी रायलं का मलम नासते. बुरा येते त्याच्यावर.”

अर्ध्या घटकेनं पुन्हा चोथा निखाऱ्यावर. या वेळी आवाज नाही, नुसता धूर. चिमटीत धरून वळला तर त्याची वातीसारखी वळी होते. तेलावर बारीक फेस आला आहे. पातेलं खाली उतरतं, आणि हळद आता पडते. आधी टाकली असती तर करपली असती.

जुन्या पातळाचं फडकं धुऊन, उन्हात कडक वाळवून ठेवलेलं आहे. त्यातून तेल गाळलं जातं. पिळताना तिची मनगटं हिरवी-पिवळी होतात. मग मेण. मेण या घराला नवं नाही. कपाळावर कुंकू लावण्याआधी बोटानं मेण लावायचं, म्हणजे कुंकू बसतं. करंड्यात मेणाची गोळी असतेच. पण मलमाला इतक्यानं भागत नाही. हा मोठा तुकडा बाजारातला आहे. तापीपलीकडे सातपुड्यात कड्यांवर आग्या मोहोळं लागतात, ती उतरवणारी डोंगरातली माणसं मध विकतात आणि मेणही.

“किती घालायचं?”

“पावशेर तेलाले छटाक. हिवाया हाये, थोडं कमी चालते. उन्हायात जास्ती, न्हाय त डबीत तेलच होते.”

हिशेब मनात मांडून पाहा. पावशेर म्हणजे वीस तोळे, छटाक म्हणजे पाच. चार भाग तेल, एक भाग मेण. तिनं हे प्रमाण कुठे वाचलेलं नाही, कारण तिला वाचता येत नाही. पण मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. भुसावळ परिसराचा मे महिना ते वितळवू शकत नाही, तेलात मिसळलेलं मेण मात्र सैल करू शकतो. खानदेशातलं मलम म्हणूनच कोकणातल्या मलमापेक्षा घट्ट हवं. दोन थेंब थंड थाळीवर टाकून ती बोटानं दाबून बघते, मान हलवते, मग डब्या भरते. झाकणं लगेच लावत नाही. गरम असताना झाकलं तर वाफ धरते, वाफेचं पाणी होतं, आणि पाण्याशी तर तिचं सकाळपासून वैर आहे.

एक डबी नातवाच्या हातात जाते. उद्या तो फैजपूरला निघतोय. काँग्रेसचं अधिवेशन यंदा पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरतंय, २७ आणि २८ डिसेंबरला. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष आहेत, गांधीजी येणार आहेत, शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबूंची सजावट केली आहे असं गावात बोललं जातंय. पोराला रात्रभर झोप नाही. आजीला त्याच्या पायांची काळजी.

“पायाले फोड आला त फोडू नको. धुवून लावजो.”

तो पळतो. ओसरी शांत होते. तुम्ही डबीचं कौतुक करता, मलम फार गुणी आहे असं काहीतरी म्हणता. आजीचा हात थांबतो.

“गुनी हाये. वरच्यावर. माह्या मधल्या लेकाले पायात खिया गेला व्हता. मलम लावलं. आठव्या दिशी दातखियी बसली.”

पुढचं ती सांगत नाही, आणि तुम्ही विचारत नाही. पेनिसिलिन १९२८ साली सापडलं आहे, पण औषध म्हणून ते जगातल्या कोणत्याही दवाखान्यात अजून मिळत नाही. धनुर्वाताची लस तयार झाली आहे, पण ती वरणगावच्या ओसरीपर्यंत यायला बरीच वर्षं आहेत. खिळ्याबरोबर खोल गेलेल्या जंतूला हवा लागत नाही, तिथेच तो वाढतो. वरून कितीही उत्तम मलम लावा, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

“आत गेलेल्याले मलम काय करीन?” आजी म्हणते आणि पातेलं घासायला घेते.

वैशाख, शके १२१९

आता मोठी उडी. डोळे उघडतात ते उन्हानं. तापीचं पात्र आटलंय, वाळू तळपायांना चटके देतेय. सन १२९७. वरणगावापासून फार दूर नाही, मेहूणजवळचा काठ. याच वैशाखात, वद्य दशमीला, याच परिसरात विजेच्या लोळात मुक्ताबाई गुप्त झाल्या असं वारकरी परंपरा सांगते. देवगिरीला रामदेवराव यादवांचं राज्य आहे.

डबी उघडा. व्हॅसलीन गेलं, ते जाणारच होतं. पण मलमाचा हिरवटपणाही अर्धा उडालाय. वास घ्या, कडुनिंब आहे. मग काय गेलं?

काठाकाठानं शोधा. बांधावर, वाटेच्या कडेला, करंजाच्या झाडांखाली, जिथे जिथे ती दिसायची सवय आहे तिथे तिथे. एकदांडी फूल कुठेच नाही. कंबरमोडी नाही. ती असणार नाही, कारण ती मूळची मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. कोलंबसाचं जहाज निघायला अजून १९५ वर्षं आहेत. “खरचटलं? बांधावरचा पाला चोळ” असं खानदेशातल्या तीन-चार पिढ्या डोळे झाकून सांगत आल्या, तो पाला समुद्र ओलांडून आलेला पाहुणा आहे. कापल्यावर ज्याचा रस पिळतात तो झेंडूही तिकडचाच. काठावरच्या देवळात बघा, माळेत झेंडू नाही. भरतात घालायला हिरवी मिरचीसुद्धा या काळात मिळणार नाही, तीही अमेरिकेतूनच यायची आहे.

थोडं वाईट वाटतं, नाही? वाटू द्या. पुढे चला.

एका झोपडीपुढे एक बाई पोराचा सोललेला गुडघा धुतेय. तिची मराठी तुम्हाला निम्मी कळते, उरलेली हातांवरून. मडक्यात कडुनिंबाची पानं घालून उकळलेलं पाणी आहे, आता कोमट झालेलं. पोर ओरडतंय, ती सोडत नाही. वाळूचा एकेक कण निघेपर्यंत पाणी ओतत राहते. मग परळातून बोटभर पिवळसर काहीतरी घेऊन लावते. तीळतेल, मेण, हळद, कडुनिंब. तुमच्या डबीत आत्ता जे उरलंय, तेवढंच.

तुमच्या हातातली डबी ती हुंगते. हसते. ओळखीचं आहे.

तिच्या चुलीवर दुसरा घाणा चढलेला आहे. बाई काडीनं चोथा घेते, विस्तवावर टाकते आणि कान देते. चर्र. अजून नाही. तुम्हाला वरणगावची आजी आठवते.

ही परीक्षा ग्रंथांतही आहे. याच सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत तेल सिद्ध करण्याचं प्रमाण दिलं आहे: वाटलेल्या कल्काच्या चौपट तेल, तेलाच्या चौपट द्रव. तेल झालं हे ओळखायच्या खुणाही परंपरेनं पक्क्या सांगितल्या आहेत. कल्काची वळी व्हावी, अग्नीवर टाकला तर आवाज येऊ नये, तेल असेल तर शेवटी फेस यावा, आणि तूप असेल तर आलेला फेस बसावा. यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून मोडी लिपी आणि दगडी देवळांच्या गोष्टींत ओळखतो, त्यानं वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. दरबारात टीका लिहिली जात होती आणि तापीकाठी बाई निखाऱ्याला कान देत होती. कोणी कोणाकडून शिकलं, ते ठरवायची गरज नाही. दोघांना पाण्याचा धोका माहीत होता, एवढं पुरे.

निघताना बाई पोराच्या दुसऱ्या पायाकडे बोट दाखवते. घोट्यावर जुना, काळपट, खोल व्रण आहे, त्यातून पू येतोय. त्याला ती मलम लावत नाही. हात जोडून आकाशाकडे बघते. तिच्या हाताशी खोल जखमेवर दुसरा उपाय नाही.

परतीच्या वाटेवर

वर येताना दोन ठिकाणी क्षणभर थांबा.

पहिलं, १९६२. लंडनमध्ये जॉर्ज विंटर नावाचे संशोधक डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमा पाहतायत. काही उघड्या ठेवल्या आहेत, त्यांवर खपली धरलीय. काही पातळ आवरणाखाली ओलसर ठेवल्या आहेत. झाकलेल्या, ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगानं येते. “उघडं राहू दे, वाळू दे” हा सल्ला त्यानंतर हळूहळू मागे पडत गेला. मेण आणि तेलाचा थर सातशे वर्षं काय करत होता, ते इथे कळतं. तो जखमेचा ओलावा धरून ठेवत होता आणि धूळ बाहेर ठेवत होता. हे काम साधं व्हॅसलीनही तितकंच चांगलं करतं, त्यात एकही पान नसताना.

दुसरं, १९९७. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात हळदीची फाइल उघडली आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट, क्रमांक ५४०१५०४, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये मिळालं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकारानं, त्याला आव्हान दिलं. हरकतीसोबत ३२ संदर्भ जोडले होते. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक शोधनिबंधही. पेटंट रद्द झालं. “आमची आजी लावायची” एवढ्यावर ते झालं नसतं. लिहिलेलं होतं म्हणून झालं.

इथे डबीकडे पुन्हा बघा. हळदीचा हा वापर आपला जुनाच, हे जगापुढे सिद्ध झालं. कंबरमोडी आपली नाही, हे तुम्ही तापीकाठी डोळ्यांनी पाहिलं. तरी दोघी एकाच डबीत शेजारी नांदल्या, कारण दोघींना आणणाऱ्या बायकांनी वय विचारलं नाही. नवा पाला बांधावर दिसला, लावून पाहिला, रक्त थांबलं, ठेवून घेतला. परंपरा जिवंत असते तेव्हा ती अशीच वागते. हजारो वर्षांचा दाखला ही मागाहून आलेली हौस आहे. तुम्ही फिरलात त्या प्रत्येक काळात डबीतला माल बदलला. बदलल्या नाहीत त्या तीन गोष्टी: लावण्याआधी धुणं, भरण्याआधी पाणी आटवणं, आणि मलमाचं काम कुठे संपतं हे ओळखणं. पहिल्या दोन तुम्हाला आजीनं शिकवल्या. तिसरी शिकताना तिनं मुलगा गमावला होता.

वरणगाव, आज

भरीत तयार आहे. तर्जनी ठणकत नाही. झाकण पुन्हा प्लॅस्टिकचं झालंय, कॅप्सूल परत आल्यात. बोटाला पातळ थर लावा, पट्टी गुंडाळा, उद्या धुऊन बदला.

सुट्टीत मलम करायचं असेल तर कृती तुमच्या हातात आहेच. अडीचशे ग्रॅम तेलाला हिवाळ्यात पन्नास ग्रॅम मेण, उन्हाळ्यात साठच्या पुढे. रस्त्याच्या कडेची, फवारणी झालेल्या शेताच्या बांधाची कंबरमोडी घेऊ नका. पहिल्यांदा वापरताना मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. कडुनिंब, हळद, मेण, कशाचीही एखाद्याला ॲलर्जी असू शकते.

आणि तिसरी गोष्ट, आजीच्या वतीनं. ओरखडा, खरचटणं, उथळ काप, भेगाळलेली टाच, इथवर मलम. भाजलं असेल तर आधी वीस मिनिटं वाहतं थंड पाणी. ताज्या भाजलेल्यावर तेल-तूप-मलम काही नाही. कुत्रं चावलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा. त्यावर हळद नको, तिखट नको, मलम नको, तडक दवाखाना आणि रेबीजची लस. खिळा, काटा, नांगराचा फाळ खोल गेला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन. मधुमेह असलेल्याच्या पायाची बारीकशी जखमही डॉक्टरांना दाखवा. लाली पसरत असेल, पू येत असेल, ताप असेल तर डबी बंद. १९३६ साली ओसरीबाहेर जे मिळत नव्हतं, ते आज ग्रामीण रुग्णालयात मिळतं.

आता एक शेवटचं काम. पेन घ्या आणि डबीच्या झाकणावर आजची तारीख लिहा. वास खवट झाला, बुरा दिसला किंवा सहा महिने उलटले, तर ते मलम टाकून द्या आणि नवं करा.